मधली चार पानं

पद्माकर नाझरे आमच्या दुकानात आला की आधी मशीनच्या स्टुलावर बसायचा आणि रिकामं मशीन चालवायचा. कापड नाही, दोरा नाही, नुसते पाय फळीवर ठेवायचे आणि खडखड खडखड. मध्ये कापड नसलं की खालचे दात वरच्या पायाला घासतात आणि बोथट होतात. मग पुढे कापड सरकत नाही, एका जागी गोळा होतं. हे शिंप्याच्या घरातल्या पाच वर्षांच्या पोरालाही कळतं. पद्माकर बी.ए.ला होता, तेही इंग्रजी घेऊन.

"पद्माकर, मशीन आहे ते. पाळणा नव्हे," मी म्हणायची.

"टेलरकाकू, विचार करताना माझे पाय हलतात."

"मग विचार घरी जाऊन करत जा."

टेलरकाकू. दारावर 'बोंगाळे टेलर्स' अशी पाटी म्हणून मी टेलरकाकू. उद्या हा लोहाराच्या घरी गेला तर त्याच्या आईला ऐरणकाकू म्हणेल. मिरजेत मला सगळे आक्का म्हणत. भाजीवाली म्हणायची, बँडवाले म्हणायचे, कोर्टातले वकीलसुद्धा काळा कोट शिवायला टाकताना आक्का म्हणायचे. याच्या जिभेला ते वळण नव्हतं.

त्याला दुकानात यायचं कारण माझा मुरली. आमचे हे गेले तेव्हा मुरली सतरा वर्षांचा. हात बापाचा होता. डोळे मिटून काज करील असा. पण बूड टिकायचं नाही. दोन बाह्या लावल्या की तिसरीला उठला. त्याचे दोस्त म्हणजे हा पद्माकर, सतारी करणाऱ्यांच्या घरातला यासीन आणि चौगुल्यांचा सुभाष.

एका दुपारी चौघे एकदम आले. यासीनच्या हातात एक जाड पुस्तक होतं. वर आग ओकणारी सुसर. तिला पंखही होते.

"आक्का, माझा मामेभाऊ बोटीवर आहे ना, तो सुट्टीवर आलाय," यासीन म्हणाला. "त्याच्या बोटीवरच्या साहेबाचं पुस्तक आहे. एक खेळ आहे त्यात."

"पत्त्यांचा?"

"पत्ते नाहीत. पट पण नाही. नुसतं बसायचं आणि बोलायचं. एकानं डाव चालवायचा. बाकीचे एकेक वीर. डाव चालवणारा म्हणतो, समोर गुहा आहे, काय करता? आपण म्हणायचं, मी आत शिरतो. मग फासा टाकायचा."

"आणि गुहा कुठाय?"

"ती डोक्यात असते, आक्का."

"एवढ्यासाठी पुस्तक लागतं?"

पद्माकर स्टुलावरून म्हणाला, "नियम लागतात, टेलरकाकू. दोनशे बारा पानं नियम आहेत. कोण किती बळकट, कोण कशानं मरतो, सगळं."

मामेभाऊ आठ दिवसांनी परत बोटीवर जाणार होता, आणि पुस्तक त्याच्याबरोबर. मिरजेत तेव्हा झेरॉक्स नव्हतं. सांगलीला एक होतं, तिथला माणूस म्हणाला, एवढी पानं एका दमात काढली तर मशीन तापून बसेल, दर बुधवारी दहा पानं आणा. म्हणजे हातानं उतरवून घेणं आलं. मजकूर तिघे लिहितील, पण निम्म्या पानांवर कोष्टकं होती, चित्रं होती, बारीक बारीक चौकटी. ते काम मुरलीनं माझ्या गळ्यात टाकायचं ठरवलं होतं.

"आईसारखा छाप मिरजेत कुणी उठवत नाही," तो पद्माकरला म्हणाला. मला ऐकू जाईल असं.

खोटं नव्हतं ते. शालूच्या पदरावरचा मोर मी बटर पेपरवर उठवायची आणि पाच परकरांवर जसाच्या तसा उतरवायची. पिसांचे डोळेसुद्धा मोजून.

"पण यांना इंग्रजी येत नाही," पद्माकर म्हणाला.

"मला मोरही येत नाही," मी म्हटलं. "तरी मी मोर काढते."

मुरलीला मी बाजूला घेतलं. म्हटलं, काढून देते, पण माझी अट आहे. रोज सकाळी चार तास मशीनवर बसायचं, बूड न हलवता. एक दिवस चुकला तर पुस्तक बंबात. त्यानं बापाच्या तसबिरीवर हात ठेवून कबूल केलं.

आठ दिवस मी दुसरं काम घेतलं नाही. पानावर बटर पेपर ठेवायचा, पेन्सिलीनं उठवायचं, मग कार्बन घालून जाड वहीत उतरवायचं. माझी दुसरीपर्यंत शाळा. पण अक्षर म्हणजे रेघच की. वळते तिथे वळवायची, थांबते तिथे थांबायचं. पद्माकर मध्ये मध्ये येऊन पाठीमागे उभा राहायचा आणि "ही शेपटी खाली हवी" म्हणायचा. एकदा मी सुई हातात घेऊन त्याच्याकडे वळले, तेव्हापासून लांबून बघू लागला.

आठव्या दिवशी पुस्तक यासीनच्या भावाकडे गेलं आणि मी आमची वही पोरांसमोर ठेवली. पाठीवर दुहेरी टाके, वर खणाचं वेष्टन.

"दोनशे बारा पानं," मी म्हटलं. "एक कमी नाही. मोजून घ्या."

त्यांनी मोजली. बरोबर भरली.

त्यानंतर दर रविवारी दुपारी आमच्या मागच्या खोलीत, कापड बेतायच्या टेबलावर डाव बसायचा. यासीनच्या चुलत्यानं सतारीच्या लाकडाच्या तुकड्यातून वीस बाजूंचा फासा करून दिला होता. वही एकट्या पद्माकरनं बघायची. बाकीच्यांनी बघायची नाही असा नियमच होता म्हणे. तो पान उघडायचा, मनात इंग्रजी वाचायचा, डोळे मिटायचा आणि मराठीत सांगायचा. कीर्तनकार झाला असता तर नाव काढलं असतं.

मुरलीच्या वीराचं नाव भुजंगसेन. मुरलीची छाती बत्तीस, भुजंगसेनाची सांगत होते ती मापाच्या टेपात मावली नसती. पण मुरली अट पाळत होता. सकाळी चार तास बसायचा. अकरा महिन्यांत दुकानाचं नाव परत वर आलं. तुळशीच्या लग्नानंतरचा पहिला मुहूर्त शुक्रवारचा होता आणि गावातल्या सगळ्यात मोठ्या बँडचे सोळा कोट आमच्याकडे होते. लाल कापड, सोनेरी वेणी, खांद्यावर झालर. त्यांच्या म्हाताऱ्या मालकानं माझ्यासमोर हात जोडून सांगितलं होतं, "आक्का, नव्या कोटाशिवाय पोरं वाजवायची नाहीत म्हणतात." मी म्हटलं होतं, बोंगाळ्यांचा शब्द आहे.

त्याच आठवड्यातल्या सोमवारी सकाळी मुरली उठला नाही. भिंतीकडे तोंड करून पडलेला.

"ताप आहे का?"

"नाही."

"मग ऊठ. नऊ कोटांना बाह्या नाहीत."

"आई, तो मेला."

माझ्या हातातलं भांडं तसंच राहिलं. "कोण?"

"भुजंगसेन."

"कुठल्या गल्लीतला?"

तो माझ्याकडे वळला. डोळे सुजलेले. "माझा भुजंगसेन, आई. काल डावात. पद्माकर म्हणाला, मेला म्हणजे मेला, पुस्तकात लिहिलंय. आता मी डावात नाही. नुसतं बसून बघायचं."

"मग दुसरा वीर घे."

"बाबा गेले तेव्हा तू दुसरे घेतलेस का?"

एक थोबाडीत द्यावी असं वाटलं. पण बाह्या आठवल्या. मऊ आवाजात विचारलं, "बरं, मेला कशानं?"

"दाबपायानं."

"तो कोण?"

"राक्षस आहे. चार महिने आम्ही त्याच्याशी लढतोय." मुरली उठून बसला. सांगायला लागल्यावर त्याच्यात जरा जीव आला. "पोलादी अंग आहे त्याचं. एकच सुळा, आणि सुळ्याच्या टोकाला डोळा. तो सुळा वरखाली, वरखाली करतो. खाली एकच पाय आहे, त्यानं तो सावज दाबून धरतो. पोटात एक फिरकी आहे, तिच्यावर सगळ्यांच्या आयुष्याचा दोरा गुंडाळलेला. अंगावर वस्त्र नसताना त्याच्यासमोर गेलं की तो दात घासतो. रोज सकाळी ठरलेल्या ठिकाणी त्याला तेलाचे थेंब वाहावे लागतात, नाहीतर तो किंचाळतो."

मी खाटेच्या कडेवर बसले.

"उजव्या खांद्याला त्याच्या चाक आहे," मुरली म्हणाला. "मी वर चढलो, म्हणजे भुजंगसेन चढला, आणि ते चाक धरून उलटं फिरवलं, तो थांबावा म्हणून. पद्माकरनं वही उघडली. म्हणाला, इथं स्वच्छ लिहिलंय, चाक आपल्या दिशेनंच फिरवावं, उलट फिरवलं की दोरा तुटतो. तुझ्या आयुष्याचा दोरा तुटला. यासीन भांडला त्याच्याशी. पण लिहिलंच आहे म्हटल्यावर काय?"

माझा मुलगा सहाव्या वर्षापासून मशीनशेजारी वाढलेला. शिकाऊ पोरींना तोच ओरडायचा, "चाक आपल्याकडे फिरवा, उलटं गेलं की दोरा तुटतो." आणि तोच माझ्यासमोर बसून हे सगळं सांगत होता, डोळ्यांत पाणी आणून.

"तोंड धू," मी म्हटलं. "आणि तिघांना संध्याकाळी चारला इथं बोलाव. पद्माकरला म्हणावं वही घेऊन ये."

"कशाला?"

"नियम ऐकायचाय मला."

आता सांगते. पुस्तक उतरवताना सहाव्या दिवशी दुपारी घरात कुणी नव्हतं. अवकाळी पावसानं हवा दमट होती आणि पानांचे कोपरे वर वळत होते, बटर पेपर नीट बसेना. मला वाटलं, जरा इस्त्री फिरवावी, कापडाला फिरवतो तशी. कोळशाची इस्त्री. फिरवली, पान छान बसलं. तेवढ्यात दारात गिऱ्हाईक आलं, मी उठून गेले, आणि परत आले तर धूर. वरचं पान, त्याखालचं पान, दोन्ही इस्त्रीच्या आकाराची भोकं. म्हणजे पाठपोट चार पानं.

मी कुणाला सांगितलं नाही. पद्माकर काय म्हणाला असता ते मला ठाऊक होतं, "टेलरकाकू, पुस्तक आहे ते, परकर नव्हे." ते मी ऐकून घेणार नव्हते. जळकी पानं शिवणीजवळून ब्लेडनं काढली, पुस्तकाची पाठ आतून रफू केली. साहेब पुढे बोटीवर कसा खेळला देव जाणे.

पण आमच्या वहीत चार पानं कमी भरणार होती. कोटाला कापड कमी पडलं तर ठिगळ दर्शनी बाजूला लावत नाहीत, आतून अस्तराला लावतात. अस्तर कोण उलटून बघतो? घरात इंग्रजी म्हणाल तर एकच गोष्ट होती, मशीनबरोबर आलेलं माहितीचं पुस्तक, बटणांच्या डब्यात तळाला. त्यातली मी चार पानं उठवली. अख्ख्या मशीनचं चित्र मुद्दाम घेतलं नाही. नुसते तुकडे घेतले. कुठे पाय, कुठे सुई, कुठे बाण. आणि बरोबर मध्ये शिवून टाकली. दोनशे बारा पानांतली चार, कोण वाचतंय म्हटलं. वाचणारा भेटला तो हा.

चार वाजता सगळे आले. पद्माकर आला आणि सरळ स्टुलाकडे निघाला. आज मी स्टुलावर बसले होते. तो उभा राहिला.

"टेलरकाकू, मला वाईट वाटतंय, पण नियम म्हणजे नियम. मी पक्षपात करू शकत नाही."

"करू नकोस. तो नियम वाचून दाखव."

"तुम्हाला कळणार नाही."

"मराठीत सांग. पहिल्यापासून. दाबपायाची सगळी पानं."

सुभाष खिडकीत बसला, यासीन दाराला टेकला. मुरली कोटांच्या ढिगाशेजारी खाली मान घालून बसला होता. पद्माकरनं खणाचं वेष्टन सोडलं, वही डोळ्यांजवळ धरली आणि त्याचा तो कीर्तनातला आवाज लावला.

"प्रथम चाक फिरवून एकडोळा सुळा पूर्ण वर उठवावा."

मी चाक फिरवलं. सुई वर आली.

"मग दोर घेऊन डाव्या हातानं त्याच्या डोळ्यातून ओवावा, आणि चार अंगुळं मोकळा सोडावा."

मी दोरा ओवला. चार बोटं सोडला.

"आता दाबपायाखाली वस्त्र अर्पण करावं."

मी लाल कापडाचा तुकडा पायाखाली सरकवला आणि पाय खाली सोडला. टक असा आवाज झाला. यासीननं मान पुढे काढली.

"बाण दाखवले आहेत तिथे," पद्माकर वहीतून डोळे न काढता म्हणाला, "रोज प्रातःकाळी तेलाचा एक एक थेंब वाहावा."

मी तेलाची कुपी उचलली. टिक, टिक, टिक. यासीनच्या तोंडातून उचकीसारखं काहीतरी निघालं. त्यानं तोंडावर हात धरला. मुरलीनं मान वर केली. त्यानं कुपीकडे पाहिलं, मग मशीनकडे, मग माझ्याकडे.

"पुढे," मी म्हटलं.

"वस्त्रावाचून दाबपाय कदापि चालवू नये. त्यानं दात झिजतात."

"हे परत वाच."

"वस्त्रावाचून दाबपाय..."

"मोठ्यानं."

"वस्त्रावाचून दाबपाय कदापि चालवू नये."

"अकरा महिने तुझ्याच हातात होतं हे. बरं, पुढचं. चाकाचं."

"चाक नेहमी आपल्या दिशेनं फिरवावं. उलट फिरवल्यास दोरा तुटतो." तो थांबला, डोळे मिटले. "हाच तो नियम. याच नियमानं भुजंगसेन गेला."

मी फळीवर पाय ठेवले, दोन टाके घातले आणि हातानं चाक धरून उलटा हिसका दिला. दोरा तटकन तुटला. त्या आवाजानं पद्माकरनं पहिल्यांदा वहीतून डोळे काढले. समोर मशीन, मशीनवर लाल कापड, सुईच्या डोळ्यातून लोंबणारा तुटका दोरा.

सुभाष खिडकीतून म्हणाला, "च्यायला, आम्ही चार महिने शिवणाच्या मशीनला मारत होतो?"

मुरली हसायला लागला. मग यासीन. दोघे एकमेकांच्या अंगावर पडले. पद्माकर हसला नाही. त्याचा चेहरा पाहून मला पहिल्यांदा त्याच्याबद्दल वाईट वाटलं, पण थोडंच.

"काकू," तो म्हणाला. टेलर गळून पडलं होतं. "ही पानं खेळाची नाहीत?"

"नाहीत. ती चार माझ्या इस्त्रीखाली जळाली. मी सांगितलं नाही आणि मशीनच्या पुस्तकातली घातली. ती चूक माझी, पदरात घेते."

"मग मी काय करत होतो?"

"ते मला काय विचारतोस? इंग्रजी तुझं आहे."

"मला वाटलं, जुन्या काळची काहीतरी गूढ भाषा आहे." तो आमच्याकडे नाही, वहीकडे बघत बोलत होता. "काही शब्द डिक्शनरीत सापडले नाहीत. सापडले त्यांचा अर्थ लागेना. म्हटलं, लिहिलंय म्हणजे असेल. सगळे माझ्या तोंडाकडे बघत बसलेले. कळलं नाही म्हणून कसं सांगायचं?"

जळकी पानं मीही लपवली होती.

मी स्टुलावरून उठून तेलाची कुपी जागेवर ठेवायला गेले. पद्माकर रिकाम्या स्टुलावर बसला.

मुरलीचं हसू थांबलं होतं. "पण मग भुजंगसेनाचं काय? खरी पानं जळाली. खरा नियम कुणालाच माहीत नाही."

"तोच प्रश्न आहे," पद्माकर म्हणाला. "कदाचित खऱ्या पुस्तकातही मेला असता. कोण सांगणार? तो साहेब समुद्रावर आहे."

म्हणजे झालं. मुरली परत भिंतीकडे तोंड करणार. सात कोट शिवून झालेले, नऊ बिनबाह्यांचे, शुक्रवार चार दिवसांवर. म्हाताऱ्या बँडवाल्याचे जोडलेले हात माझ्या डोळ्यांसमोर आले.

"पान उलट," मी पद्माकरला म्हटलं.

"काय?"

"चार पानं उतरवली होती मी. तू तीन वाचलीस. चौथं वाच."

त्यानं पान उलटलं. वर माझ्या हातचं रिळाचं आणि सुईचं चित्र होतं, दोरा कुठून कुठे जातो त्याचे बाण. खाली दोन ओळी. तो ओठ हलवत वाचायला लागला. या वेळी मध्येच थांबत होता, मशीनकडे बघत होता, परत वाचत होता. आवाजही साधाच होता.

"दोरा तुटल्यास, पहिल्या चित्रात दाखवल्याप्रमाणे, पुन्हा ओवावा." तो थांबला. "एवढंच आहे, काकू."

मुरली माझ्याकडे बघत होता. पद्माकर वही मांडीवर धरून विचार करत होता, आणि विचार करता करता त्याचे पाय फळीवर गेले. लाल तुकडा मी उठतानाच काढून घेतला होता. खडखड, खडखड.

मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि चाकावर हात ठेवला. मशीन थांबलं.

"पद्माकर, तुला वाचता येतं, पान उलटता येत नाही," मी म्हटलं. "माझ्या मशीनवर आजवर हजारदा दोरा तुटलाय, त्यानं कुणी मेलेलं नाही. भुजंगसेनाचा दोरा ओव परत. आणि ऊठ तिथून, मुरलीला बसायचंय."